ठरवून विश्वास बसतो का?

एका वाचकाचं पत्र, थोडं आटोपतं करून:

"मी छत्तीस वर्षांचा. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीत आहे. गाव फलटण तालुक्यात, घरात तीन पिढ्यांची वारी. वडील दरवर्षी आळंदीहून दिंडीबरोबर पायी जायचे. गुडघे गेल्यामुळे आता ते बंद झालं. त्यांची इच्छा अशी की येत्या आषाढीच्या आधी मी माळ घालावी आणि दिंडीतली आमच्या घराची जागा चालवावी. अडचण ही की माझा विश्वास उरलेला नाही. भांडण झालं नाही, काही वाईट घडलं नाही. कॉलेजपासून हळूहळू ओसरत गेला. एकदा हरिपाठ म्हणताना लक्षात आलं की शब्द तोंडपाठ आहेत, पण पलीकडे कुणी ऐकतंय असं आता वाटत नाही. गेली काही वर्षं मी बुवाबाजी उघडी पाडणारे व्हिडिओही बरेच बघतो. वडील म्हणतात, 'चार पुस्तकं शिकलास म्हणून सोडायचं ठरवलंस. सोडायचं ठरवता आलं तर धरायचंही ठरवता येईल.' ताई म्हणते, 'घाल की माळ, तुझ्या मनात काय आहे ते कोण बघायला बसलंय?' नऊ वर्षांची मुलगी विचारते, 'आजोबांचं खरं की तुमचं?' कधीकधी मला वाटतं, पहिल्यासारखं परत वाटायला लागावं. मी हे खरंच ठरवून केलंय का? ठरवलं तर परत विश्वास बसेल का? आणि वडिलांना काय सांगू?"

तुमचे प्रश्न तीन आहेत, पण गाडं अडलंय ते वडिलांच्या एका वाक्यावर, म्हणून तिथूनच सुरुवात करते. सोडायचं ठरवता आलं तर धरायचंही ठरवता येईल, हे ऐकायला बिनतोड वाटतं. पण त्याचा पहिला भागच खरा नाही. तुम्ही सोडायचं ठरवलं नव्हतं. ठरवून केलेली गोष्ट माणसाला अशी नंतर, हरिपाठ चालू असताना मधेच कळत नाही. तुम्हाला ती कळली, कारण ती आधीच होऊन गेली होती.

एक करून बघा. हे वाचता वाचताच मनापासून माना, की कृष्णा नदी महाबळेश्वरहून निघते, पश्चिमेला वळते आणि रत्नागिरीजवळ समुद्राला मिळते. एक लाख रुपये देते म्हटलं तर तुम्ही हे मोठ्याने म्हणाल, वहीत शंभर वेळा लिहाल, स्टॅम्पपेपरवर सहीसुद्धा कराल. मानता मात्र येणार नाही. रक्कम दहा लाख केली तर मानायची इच्छा वाढेल, विश्वास तसूभरही वाढणार नाही. बंदूक रोखली तरी तेच.

तुमच्या कामात तर हे रोज घडतं. भोकाचं माप तपासणाऱ्या प्लग गेजची नो-गो बाजू, म्हणजे जी आत जायलाच नको ती, भोकात सरळ आत गेली, म्हणजे भोक मापापेक्षा मोठं, माल रिजेक्ट. महिनाअखेर आहे, डिस्पॅच अडलाय, मॅनेजर डोक्यावर उभा राहून सांगतोय, "ओके मारून टाका." शिक्का मारायचा की नाही हे तुमच्या हातात आहे. भोक मापात आहे असं स्वतःला वाटायला लावणं हातात नाही, कारण गेज आत गेलेला तुम्ही डोळ्यांनी पाहिलाय. देव काही गेजने मोजता येत नाही, हे मला माहीत आहे, आणि तसं मला सुचवायचंही नाही. मला एवढंच दाखवायचंय की शिक्का मारणं आणि पटणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं आपण करतो. दुसरं आपल्याला होतं.

बर्नार्ड विल्यम्स या इंग्लिश तत्त्वज्ञाच्या एका निबंधात, जो १९७३ साली त्याच्या पुस्तकात आला, हाच मुद्दा आहे. एखादी गोष्ट मानणं म्हणजे ती खरी आहे असं वाटणं. आता समजा, ती खरी असो नसो, मी ती केवळ इच्छेच्या जोरावर मानायला लागले, आणि तसं केलंय हे मला ठाऊकही आहे. मग ती खरी आहे असं मला वाटेलच कसं? आत कुठेतरी माहीत असणारच की हे मीच उभं केलेलं आहे.

युरोपात धर्मावरून माणसं जाळली गेली, युद्धं झाली. त्यानंतर जॉन लॉकने १६८९ साली सहिष्णुतेवर जे लिहिलं त्याचा एक मोठा आधार हाच होता: राजाला माणसाची मालमत्ता जप्त करता येते, त्याला तुरुंगात टाकता येतं, पण त्याचं आतलं मत अशाने पालटत नाही. आपल्या संविधानाच्या कलम २५ मध्ये आधी सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आहे, मग धर्म प्रकट करण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रचार करण्याचं. घरात अर्थातच कलमं चालत नाहीत, आणि बापाच्या डोळ्यांतलं पाणी कुठल्याही हुकुमापेक्षा जड असतं. पण जे फौजफाटा असलेल्या राजाला जमलं नाही, ते तुम्ही स्वतःवर करू शकला नाहीत, यात तुमचा काय दोष? अहंकार, शिक्षणाचा माज, असलं जे काही तुम्ही स्वतःला लावून घेतलंय, ते काढून टाका.

आता हाच नियम वडिलांनाही लावा. त्यांनीही मानायचं ठरवलं नव्हतं. पाळण्यात असताना हरिपाठ कानावर पडला, पाय फुटले तेव्हा कुणाचं तरी बोट धरून पालखीच्या मागे निघाले, आणि पुढे आयुष्यभराचं सुखदुःख त्याच वाटेवर चालून काढलं. कृष्णा पूर्वेला वाहते हे जसं तुम्हाला पटवून द्यावं लागत नाही, तसं विठ्ठल आहे हे त्यांना कुणी पटवून दिलेलं नाही. म्हणजे तुमची बुद्धी जास्त म्हणून तुम्ही सुटलात असं नाही, आणि त्यांचा भाव जास्त म्हणून ते तरले, तुम्ही नापास झालात, असंही नाही. व्हिडिओ बघणाऱ्या मंडळींना हे दुसरं अर्धं सहसा सुचत नाही. स्वतःचं न मानणं त्यांना विचारांचं फळ वाटतं, आणि दुसऱ्याचं मानणं म्हणजे नुसते संस्कार. तुम्ही तसे दिसत नाही, पण घरात वाद पेटला की माणूस त्या टोकाला जातो, म्हणून आधीच सांगते.

मग माणसाच्या हातात काहीच नाही का? आहे, आणि भरपूर आहे. कुठे बघायचं, कुणाचं ऐकायचं, कशाची सवय लावून घ्यायची, मनात आलेल्या शंकेला बसायला पाट द्यायचा की तिला दारातूनच हाकलायचं, हे आपण ठरवतो. विश्वास त्यातून सावकाश बसत जातो किंवा सावकाश उडत जातो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

ब्लेझ पास्कल हा सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती. तो गेल्यावर १६७० साली त्याची टिपणं छापली गेली. त्यांत एका ठिकाणी तो अगदी तुमच्यासारख्या माणसाशी बोलतो: मानावंसं वाटतं, पण मानता येत नाही. पास्कल त्याला देवाच्या अस्तित्वाचे आणखी पुरावे देत बसत नाही. तो म्हणतो, जे तुझ्याआधी या वाटेने गेले त्यांनी जे केलं ते कर. तीर्थ घे, प्रार्थनेला जा, मानत असल्यासारखा वाग. करता करता मानायला लागशील.

वारकऱ्यांना हे पास्कलच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. दिंडी कुणाला दारात उभं करून "आधी पटतंय का सांगा" असं विचारत नाही. ये आणि चाल, एवढंच. पहाटे उठायचं, पखवाजाच्या ठेक्यावर पाय टाकायचे, शेकडो टाळ एकाच वेळी वाजतात तेव्हा आपला टाळ वेगळा वाजवताच येत नाही. दिवे घाटात दम लागलेला असतो आणि मागचा अनोळखी माणूस "माऊली, पाणी घ्या" म्हणत तांब्या पुढे करतो. असं दोन-अडीच आठवडे रोज. या सगळ्यात माणसाचं मन वळत असेल तर त्यात मला काहीही कमीपणा वाटत नाही. माणसं अशीच घडतात.

तेव्हा, परत विश्वास बसेल का? बसू शकेल. हमी कुणीच देऊ शकणार नाही. वर्षानुवर्षं पूजा करून जैसे थे राहिलेली माणसंही मी पाहिली आहेत.

इथे मला तुम्हाला एक जहाजमालक भेटवायचा आहे. विल्यम क्लिफर्ड या इंग्लिश गणितज्ञाने १८७७ साली लिहिलेल्या निबंधातला तो आहे. त्याचं जहाज जुनं झालंय, परदेशी स्थायिक व्हायला निघालेल्या कुटुंबांना घेऊन ते सुटणार आहे. याच्या मनात येतं, एकदा नीट तपासून घ्यावं का? खर्च आहे. मग तो स्वतःची समजूत घालतो: इतक्या सफरी सुखरूप झाल्या, हीही होईल. देव आहे, तो एवढ्या लेकरांना कसा बुडवेल? शंका काढणारे लोक असतातच. असं करत करत त्याची खरोखर खात्री पटते. तो हसतमुखाने निरोप देतो. जहाज समुद्रात बुडतं आणि तो विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्डचं म्हणणं असं की त्याची खात्री प्रामाणिक होती, पण ती बाळगण्याचा हक्क त्याला नव्हता, कारण त्याने ती तपासून कमावली नव्हती, शंका दाबून मिळवली होती. आणि जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो तितकाच दोषी ठरला असता.

हे मी का सांगते? विश्वास आपण थेट निवडत नाही म्हणून आपण सगळ्यातून मोकळे झालो, असं होत नाही. तो ज्या वाटेने आला त्या वाटेची जबाबदारी आपली. मालक खात्री निवडू शकत नव्हता, पण गोदीतला मिस्त्री बोलावणं निवडू शकत होता. तसं तुम्हीही स्वतःला विचारा: माझं न मानणं कुठल्या वाटेने आलं? भोंदू बाबांचे व्हिडिओ तुम्ही बघितलेत. ते बाबा भोंदू आहेत यात शंका नाही. पण त्यावरून तुमच्या वडिलांच्या विठ्ठलाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. नरेंद्र दाभोलकरही जाहीरपणे सांगत असत की त्यांचा विरोध शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेला आहे, देव मानण्याला नाही. तुमच्या न मानण्याचा पाया एवढाच असेल तर तो कच्चा आहे. आणि तसा नसेल, शांतपणे सगळ्या बाजू बघूनही मन तिथेच येत असेल, तर ते मत तुमच्या कष्टाचं आहे. मला पत्रावरून दुसरी शक्यता जास्त वाटते. तपासा मात्र तुम्हीच.

तुम्हाला कुणीतरी विल्यम जेम्सचा दाखला देईल म्हणून एक शब्द. क्लिफर्डला उत्तर देताना या अमेरिकन विचारवंताने १८९६ मध्ये म्हटलं की प्रश्न मोठा आहे, टाळता येत नाही आणि पुराव्याने सुटत नाही, तेव्हा माणसाने मनाच्या ओढीने कौल द्यायला हरकत नाही. मला हे पटतं, पण जेम्सची आणखी एक अट असते: समोरचे दोन्ही पर्याय त्या माणसाला जिवंत वाटले पाहिजेत. कुंपणावर बसलेल्याला जेम्सचा उपयोग आहे. पहिल्यासारखं वाटावं असं तुम्हाला वाटतं, ही ओढ खरी आहे, पण ती बहुतेक त्या घराची, त्या दिवसांची, वडिलांच्या खांद्यावरून पाहिलेल्या रिंगणाची ओढ आहे. ती जपा. तिला श्रद्धा समजू नका आणि नसलेली श्रद्धा तिच्यावर लादू नका.

आपल्याकडचीच दोन माणसं इथे आठवतात. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई सनातनी वळणात वाढलेली, पदरात लहान मुलगा. तिच्यावर आभाळ कोसळलं. काही वर्षं नवरा एकीकडे, ती नातेवाइकांत. पुढे ती त्यांच्याकडे परत गेली, तरी आपलं सोवळंओवळं घेऊनच गेली. नवरा बदलला म्हणून तिला बदलता आलं नाही, त्याच्यावर जीव होता तरी. मग स्वतःच्याच विचारांत पहिला तडा गेला तो जातिभेदाबद्दल. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न तिने स्वतःशीच सोडवला आणि सगळ्यांच्या हातचं खायला लागली. ख्रिस्ती झाली ती त्यानंतर, १९०० साली. तिचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना मला नेहमी वाटतं, त्या दोघांचा संसार वाचला तो एकमत झालं म्हणून नव्हे. एकमत होण्याच्या आधीच ती दोघं एकत्र राहायला लागली होती. तुमच्या घराला आत्ता हेच हवंय.

दुसरे डॉ. आंबेडकर. येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्यांनी जाहीर केलं की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. नागपूरला धम्मदीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मधे एकवीस वर्षं. सोडायचा निर्णय एका सभेत सांगता आला. काय स्वीकारायचं, यासाठी त्यांनी धर्म तपासले, ग्रंथ वाचले, बुद्धाच्या विचाराची पारख केली. मॅट्रिक झाल्यावर केळुसकर गुरुजींनी हातात दिलेल्या बुद्धचरित्रापासून मोजलं तर हा प्रवास जवळजवळ अर्ध्या शतकाचा होतो. धर्म बदलणं हा निर्णय असतो, तो जाहीर करता येतो, त्याला तारीख असते. पटणं त्याच्या आधी, आपल्या गतीने झालेलं असतं. आणि पटल्यावर त्यांनी प्रतिज्ञा घेतली ती लाखो माणसांसमोर, मोठ्या आवाजात.

प्रतिज्ञेवरून माळेकडे येते, कारण ताईचा सल्ला मला अजिबात मान्य नाही. माळ हा दागिना नव्हे. महाराजांच्या हातून ती घालताना तुम्ही शब्द देता: मद्य-मांस वर्ज्य, एकादशी, नित्याचा हरिपाठ, पंढरीची वारी. नियम तर तुम्ही पाळालही. पण माळ घातलेला माणूस वारीत भेटला की समोरचा वाकून पाया पडतो, तुमच्यातल्या माऊलीच्या पाया पडतो. सत्तर वर्षांची, डोक्यावर तुळस घेतलेली बाई भर उन्हात तुमच्या पायांवर डोकं ठेवेल, तेव्हा तिला तुम्ही काय देणार? कोण बघायला बसलंय, असं ताई विचारते. ती बाई बसली आहे. ज्यांच्यासाठी ही माळ जीव की प्राण आहे, त्यांच्यासमोर खोटी माळ घालणं ही त्यांची फसवणूक आहे. गेज आत जात असताना तुम्ही ओके मारत नाही, मग इथे का मारायचा?

चालणं मात्र निराळं. वारीत चालायला श्रद्धेचा दाखला लागत नाही. तिथे डॉक्टर औषधं वाटत चालतात, कॉलेजची पोरं, आयटीतली मंडळी चालतात, कुणी नुसतं बघायला म्हणून येतं. तुम्हाला मनापासून वाटत असेल तर चाला. लोणंदहून तरडगाव, तरडगावहून फलटण, म्हणजे स्वतःच्याच तालुक्यातली वाट. दिंडीच्या प्रमुखांना आधीच स्पष्ट सांगा की माळ घातलेली नाही, वडिलांच्या जागी सेवेला आलोय, सामान उतरवीन, तंबू ठोकीन, पंगतीत वाढीन. बरेच दिंडीवाले तुम्हाला हसतमुखाने घेतील. वडिलांना मात्र आशेला लावू नका, की चालेल तर वळेल. वळलात तर वळलात. त्या अटीवर चालायला लागलात तर प्रत्येक मुक्कामावर तुमच्या तोंडाकडे बघत बसतील, आणि तुम्ही नाटक करायला लागाल.

घराची जागा हा वेगळा मुद्दा आहे आणि तो तुम्ही पत्रात फार चटकन सोडून दिलात. जागा मुलानेच चालवली पाहिजे असं कुणी ठरवलं? ताई स्वतः मानते की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तिला विचारलंय का कुणी? बायका माळ घालतात, दिंडीत चालतात, अभंग म्हणतात. कदाचित ज्या घरात एक जण मनापासून ही जागा घेऊ शकतो, तिथे नको असलेल्याच्या गळ्यात ती अडकवणं चाललंय. तुम्ही वडिलांशी बोलण्याआधी ताईशी बोला.

आता वडिलांना काय सांगायचं. पाहुण्यांसमोर नको, एकादशीच्या दिवशी नको, फोनवर तर नकोच. गावी जा, सकाळी चहा झाल्यावर ओट्यावर दोघंच असताना बोला. देव आहे की नाही यावर एक वाक्यही बोलू नका. तो वाद तुम्ही जिंकलात तरी हराल. एवढंच सांगा: "दादा, मी काही ठरवून सोडलेलं नाही. मन तिथे लागत नाही, आणि लागतंय असं दाखवायला तुम्हीच कधी शिकवलं नाहीत. खोटी माळ घातली तर तुमच्या माळेचा अपमान होईल. बाकी वारीसाठी जे लागेल ते मी करतो." आणि मग त्यांना विचारा, तुम्हाला कधी शंका आली होती का? हा प्रश्न बहुधा आजवर कुणी त्यांना विचारलेला नसेल. वारकऱ्याला शंका परकी नाही. तुकोबांच्या गाथेत देवाशी कडाक्याचं भांडण आहे, "माझे लेखी देव मेला" इथपर्यंत. त्याचा आधार घेऊन तुकोबाही माझ्याच बाजूचे, असं मात्र म्हणू नका. ते जवळच्या माणसावर रुसणं आहे, तुमचं तसं नाही, आणि वडिलांना हा फरक तुमच्यापेक्षा चांगला कळतो. पण त्यांनी त्या अभंगाजवळ कधी थांबून काय वाटलं ते सांगितलं, तर ऐकून घ्या. वळवून घेण्याच्या तयारीने नव्हे, बाप कळावा म्हणून.

मुलीला खरं तेच सांगा. आजोबांना वाटतं विठ्ठल ऐकतो, बाबाला तसं वाटत नाही, आणि दोघंही तुझ्याशी खोटं बोलत नाहीत. नऊ वर्षांच्या मुलीला हे कळतं. ती आजोबांबरोबर हरिपाठाला बसत असेल तर बसू द्या, तुमच्याकडे उलटसुलट प्रश्न घेऊन आली तर तेही थांबवू नका. दोन्ही बाजूंनी तिला साक्षीला ओढू नका, एवढं पुरे. तिचं मत तिच्या वेळेला होईल.

वडील कदाचित काही दिवस अबोला धरतील. धरू द्या. त्या दिवसांतही गुडघ्यांच्या डॉक्टरांकडे त्यांना तुम्हीच घेऊन जा. आणि पालखी तुमच्याच तालुक्यातून जाते, तेव्हा चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण असतं त्या दिवशीची रजा आत्ताच टाकून ठेवा. गर्दीत गाडी कुठपर्यंत सोडतात, तिथून पुढे त्यांच्यासाठी व्हीलचेअर नेता येईल का, कुठल्या बाजूला सावलीत बसवता येईल, हे दिंडीतल्या एखाद्या जुन्या माणसाला विचारून घ्या. ताईला आणि मुलीलाही बरोबर न्या.